जुनी जीप की जुनी जिप्सी: घरच्या अंगणात कोणती उभी करावी?

जुनी फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी गाडी) घ्यायची आणि सवडीने, खिशाला झेपेल तशी घरीच दुरुस्त करून उभी करायची, असं ठरवलेला माणूस शेवटी दोन गाड्यांपाशी येऊन थांबतो. एक महिंद्राची जीप, म्हणजे एमएम ५४० किंवा ५५०, दुसरी मारुतीची जिप्सी. बाकीच्याही गाड्या आहेत आणि त्यातल्या काही दणकट आहेत. पण सुटा भाग तालुक्याच्या गावी मिळतो का आणि मिस्त्रीने ते इंजिन आधी उघडलेलं असतं का, या दोन प्रश्नांवर त्या मागे पडतात. कमी पैशांत काम करायचं तर हेच दोन प्रश्न सगळ्यात मोठे.

माझं मत आधीच सांगतो. स्वतःच्या हाताने काम करायचं असेल आणि बजेट तोकडं असेल तर जीप घ्या. तयार झालेल्या गाडीतून घरच्यांना घेऊन लांबचा प्रवास करायचा असेल तर जिप्सी घ्या, पण पैसे जास्त बाजूला ठेवून. या मताचं कारण दोन्ही गाड्यांच्या पत्र्यात आहे, इंजिनात नाही.

मुळात किती सारख्या

विलीज जीप मुंबईत जोडण्यापासून महिंद्राचा गाड्यांचा धंदा सुरू झाला आणि एमएम ५४० ही त्याच वंशातली गाडी. इंजिन मात्र प्युजोच्या परवान्याचं, २११२ सीसीचं डिझेल, इगतपुरीच्या कारखान्यात तयार होणारं. जिप्सी डिसेंबर १९८५मध्ये आली, ९७० सीसीचं पेट्रोल इंजिन, ४५ अश्वशक्ती आणि ४ गिअर घेऊन. १९९६मध्ये १३०० सीसीची जिप्सी किंग आली, तिला ५ गिअर. २०००मध्ये १६ व्हॉल्व्हचं एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल देणारं) इंजिन आलं आणि ताकद ८० अश्वशक्तीवर गेली. २०१८-१९मध्ये सामान्य गिऱ्हाइकासाठी जिप्सी बंद झाली, आणि तेव्हापासून जुन्या जिप्सीचे भाव चढलेले आहेत.

दोघींनाही शिडीसारखी चॅसिस, चारही कोपऱ्यांना पाटे, पुढे-मागे अखंड ॲक्सल, आणि लिव्हरने लावायची फोर-व्हील, लो गिअरसकट. चाकाचे नटसुद्धा दोघींना ५ आणि १३९.७ मिलिमीटरच्या वर्तुळावर, म्हणून एकीच्या रिमा दुसरीला लावलेल्या सर्रास दिसतात. घरी खोलायला दोन्ही सोप्या आहेत. खोललेलं दुरुस्त करून पुन्हा बसवायला मात्र नाहीत.

पत्रा

जीपचा पत्रा जाड आहे आणि बहुतेक ठिकाणी सपाट. मडगार्ड, हौद्याच्या बाजू, फ्लोअर, टेलगेट हे सगळं सरळ रेषांचं काम आहे. गंजलेला तुकडा कापून काढला, कागदावर माप घेतलं आणि गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानातून तसाच पत्रा वाकवून आणला की निम्मं काम होतं. त्या दुकानात ग्रिल-गेटची कामं करणारा जो वेल्डर असतो, त्याच्याकडे साधं आर्क वेल्डिंग असतं. जाड पत्र्यावर बारीक रॉडने, टाके टाके देत केलं तर ते चालून जातं. अगदीच गेलेली असेल तर जीपची आख्खी बॉडीही नवी करून मिळते.

जिप्सीचा पत्रा पातळ आहे आणि त्याला दाबून काढलेल्या रेघा नि वळणं आहेत. आर्कने तो जळतो, भोक बुजवायला जावं तर ते मोठं होतं. तिथे मिग वेल्डिंग किंवा गॅसचा चांगला हात हवा आणि असा माणूस शहरातच सापडतो. म्हणजे गाडी टेम्पोवर घालून न्यायची, त्याच्या सवडीने परत आणायची. घरी काम करायचा बेत इथे अर्धा मोडतो. जिप्सी गंजते तीही नको त्या जागी: फ्लोअरच्या कडा, मागच्या चाकांवरच्या कमानी, काचेच्या चौकटीचा खालचा भाग, बॉडी चॅसिसला जिथे बोल्टने धरलेली असते त्या जागा. शेवटची जागा गेली असेल तर दार लावताना ते वर-खाली झालेलं जाणवतं.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातली किंवा गोव्यातली जिप्सी स्वस्तात दिसली तर आधी खाली झोपून बघा. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस या पातळ पत्र्याला सोसत नाही. तीच गाडी नगर, सोलापूर, जालन्याकडे वाढलेली असेल तर रंग उडालेला, सीट फाटलेल्या, पण फ्लोअर शाबूत असा प्रकार सापडतो. रंग उडालेली कोरडी गाडी चकचकीत ओल्या गाडीपेक्षा कितीतरी बरी. बघायला जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. जिथे तो धरत नाही तिथे पुट्टी भरलेली आहे. चॅसिसवर नुकताच काळा जाड लेप दिलेला असेल तर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा, पोकळ किंवा भसका आवाज आला की थांबा. चॅसिस मागच्या शॅकलपाशी (पाटा चॅसिसला जोडणाऱ्या कडीपाशी) कुजलेली असेल तर दोन्हींपैकी कोणतीही गाडी सोडून द्या, कितीही स्वस्त असली तरी.

इंजिन आणि इंधन

या बाबतीत लोक सगळ्यात जास्त घाबरतात, आणि खरं तर इथेच दोन्ही गाड्या निर्धास्त आहेत. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे वडापच्या (सीटवर प्रवासी नेणाऱ्या) गाड्यांनी एक आख्खी मिस्त्र्यांची पिढी तयार केली. प्युजो इंजिन डोळे मिटून उघडणारा माणूस आजही तालुक्याला भेटतो, नोझल आणि डिझेल पंप बसवून देणारंही कुणीतरी असतं. किंगच्या १३०० सीसी इंजिनाचं नातं एस्टीमशी आहे, त्यामुळे त्याचे भाग मिळतात आणि पेट्रोलचा कुठलाही बरा मिस्त्री ते हाताळतो. ९७० सीसीच्या जुन्या जिप्सीचं तसं नाही. तिचे भाग शोधावे लागतात. म्हणून पहिलीच गाडी करत असाल तर जिप्सीत किंगकडेच बघा.

जीपचं इंजिन तपासायचं तर ते तापल्यावर ऑइलचं झाकण काढून बघा. धुराचे झोत येत असतील तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे लायनर-पिस्टनचा खर्च धरून चला आणि तेवढा भाव पाडा. सकाळी थंड इंजिन सुरू व्हायला फार वेळ घेत असेल तर आधी हीटर प्लग बघायचे, लगेच हेड काढायला लावू नका. जिप्सी घेतलीत तर टायमिंग बेल्ट पहिल्याच आठवड्यात बदला, मालक काहीही म्हणो.

इंधनाचा मुद्दा अलीकडे गंभीर झाला आहे. २०२५पासून पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. कार्बोरेटरवाल्या जिप्सीचे रबरी पाइप, कार्बोरेटरच्या आतले डायफ्रॅम नि गॅस्केट या पेट्रोलसाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात, चिरतात, आणि गळकं पेट्रोल तापलेल्या इंजिनाजवळ ही गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही. नवे पाइप फार महाग नसतात, पण ते बदलणं ऐच्छिक धरू नका. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. काम चालू असताना गाडी महिनोन्महिने उभी राहणार, तेव्हा टाकी रिकामी करून ठेवा, नाहीतर ती आतून गंजते. डिझेलच्या जीपला हा ताप नाही.

फोर बाय फोर खरंच आहे का

महिंद्राच्या त्या काळातल्या पुष्कळ गाड्या टू-व्हीलच होत्या आणि बाहेरून त्या सारख्याच दिसतात. आत दुसरा लिव्हर आहे म्हणून समाधान मानू नका. खाली बघा: पुढचा प्रोपेलर शाफ्ट (ॲक्सलपर्यंत ताकद नेणारा दांडा) जागेवर हवा आणि पुढच्या ॲक्सलला डिफरन्शियलचा (ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचा) गोळा हवा. मग मागची चाकं पक्की अडवून पुढची दोन्ही जॅकवर घ्या, चाकांच्या मधोमध असलेले हब लॉक करा, फोर-व्हील लावा आणि गाडी गिअरमध्ये ठेवून दोन्ही चाकं एकाच दिशेला हाताने फिरवून बघा. फिरली तर आत काहीतरी गायब आहे. चालवून तपासायची तर शेताच्या मऊ मातीत, डांबरावर नको. दोघींनाही मधलं डिफरन्शियल नाही, कोरड्या रस्त्यावर वळताना सगळा ताण गिअरांवर येतो.

जीपचा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद देणारी पेटी) गिअरबॉक्सला चिकटून असतो. त्यातला इंटरमीडिएट शाफ्ट घासलेला असला की गाडी रडल्यासारखा आवाज करते आणि ऑइल गळतं, पण हे काम बाकावर ठेवून घरी करता येतं. जिप्सीचा ट्रान्सफर केस वेगळा, रबरी माउंटिंगवर, मध्ये छोटा शाफ्ट. त्या रबरांनी दम सोडला की गाडी थरथरते आणि लोक उगाच गिअरबॉक्स उघडतात. दोघींच्याही पुढच्या नकलमधून (चाक वळवणाऱ्या सांध्यातून) ऑइल गळताना दिसेल. सील, बेअरिंग, किंगपिन हे धरूनच चालायचं.

ब्रेकमध्ये जिप्सी किंग सरळ पुढे आहे, तिला पुढे डिस्क आहेत. एमएम ५४०ला चारही ड्रम, पाण्यातून गेल्यावर काही वेळ पाय जोरात द्यावा लागतो. स्टिअरिंगही जड. ताम्हिणी घाटात पावसात हा फरक चांगलाच कळतो. ज्यांच्या घरात गाडी चालवणारे दोघं-तिघं आहेत त्यांनी हा मुद्दा हलका धरू नये.

कागद

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, मग फिटनेस दाखवून दर ५ वर्षांनी नूतनीकरण. ऑगस्ट २०२५मध्ये केंद्राने २० वर्षांवरच्या मोटारींसाठी हे शुल्क १०,००० रुपये केलं. तुम्ही बघत असलेल्या जवळपास सगळ्या गाड्या यात बसतात. त्यावर राज्याचा पर्यावरण कर. हा खर्च आधीच धरा, आणि आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) जिवंत आहे ना, हे एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून बघितल्याशिवाय इसार देऊ नका. आरसीवरचा चॅसिस नंबर चॅसिसवर कोरलेल्या आकड्याशी स्वतः डोळ्यांनी ताडून पाहा.

जिप्सीच्या बाबतीत तीन वाटांनी गाड्या येतात आणि तिन्हींत कागद वेगळे. दिल्लीकडच्या गाड्या तिथल्या वयाच्या बंधनांमुळे स्वस्त मिळतात, पण एनओसी (ना हरकत दाखला) आणि इथला रोड टॅक्स मिळवला की स्वस्ताई बरीचशी उतरते. लष्करी लिलावातली गाडी असेल तर लिलावाची मूळ कागदपत्रं आणि ती नागरी नंबरावर आधीच नोंदली गेली आहे का, हे बघायचं. नोंदलेली नसेल तर पहिल्या प्रकल्पासाठी हात लावू नका. आणि ताडोबा-पेंचकडे सफारीला धावलेल्या जिप्सी. त्या व्यावसायिक नोंदणीच्या असल्या तर खासगीत बदलून घ्यायच्या. या गाड्या राबलेल्या असतात, पण त्यांची देखभाल जाणत्या हातांनी झालेली असते, म्हणून मला त्या विचार करण्याजोग्या वाटतात.

जीपवाल्यांनी हरियाणातल्या मंडी डबवालीच्या देखण्या जिपा बघताना एकच विचारावं: ही नेमकी कोणत्या गाडीच्या आरसीवर उभी आहे? वेगळं इंजिन, वेगळी चॅसिस, टू-व्हीलची केलेली फोर-व्हील हे सगळं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मध्ये अडकतं, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ रचनेत बदल चालणार नाही असं स्पष्ट केलं. रंग बदलायचा असेल तरी तो आरसीवर नोंदवावा लागतो. ५० वर्षांवरची, मूळ स्वरूपातली सीजे थ्री बी (महिंद्राची जुनी जीप) हाती लागली तर २०२१च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणी मिळू शकते, पण मग ती रोज रस्त्यावर काढता येत नाही.

पैसे आणि क्रम

माझा ठोकताळा असा: जीप घेताना खरेदीइतकीच रक्कम कामासाठी राखून ठेवा, जिप्सीसाठी दीडपट. जिप्सीचा जास्तीचा खर्च जवळजवळ सगळा पत्रा आणि रंगात जातो. आधी ब्रेक, मग चॅसिस आणि पाटे, मग ॲक्सल, मग इंजिन. वायरिंग नवंच टाका, जुन्या वायरींना टेप गुंडाळत बसण्यात अर्थ नाही. रंग शेवटून दुसरा आणि टायर सगळ्यात शेवटी. काम वर्षभर लांबलं तर आधी घेतलेले नवे टायर उभ्या उभ्या जुने होतात.

भागांसाठी पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला, आणि तिथे नाहीच मिळालं तर दिल्लीचं काश्मिरी गेट. जीपचे भाग नवे मिळतात पण दर्जा कमी-जास्त. बेअरिंग आणि सील नामांकित कंपनीचेच घ्या. जिप्सीचा एखादा काचेचा किंवा ट्रिमचा भाग मात्र जुन्या बाजारातच मिळेल, म्हणून घेताना गाडी जितकी पूर्ण असेल तितकी बघा. जीपला न मिळणारा भाग बनवून घेता येतो.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम करणार असाल तर वेल्डिंग-ग्राइंडिंग तिथे चालणार नाही हे गृहीत धरा. मग पत्रा चांगला असलेली, थोडी महाग जिप्सी किंग घेणं शहाणपणाचं, कारण उरलेलं काम पान्यांचं आहे. गावी अंगण, पडवी आणि शेजारी वेल्डर असेल तर चॅसिस सरळ, आरसी जिवंत आणि खरी फोर-व्हील असलेली एमएम ५४० बघा, मग ती बंद अवस्थेत असली तरी हरकत नाही. बंद जीपचा भाव चालू जीपपेक्षा बराच खाली येतो, आणि इंजिन तर तुम्ही तसंही उघडणारच आहात.