फॉर्मल्डिहाइड: 1 पीपीएम, 0.75, 0.3 की 0.1? प्रेसवरच्या माणसासाठी कोणता आकडा धरायचा

प्लायवूडची हॉट प्रेस उघडली की वाफेचा लोट समोरच्या माणसाच्या थेट तोंडावर येतो. तो सवयीने डोळे मिटतो, मान वळवतो आणि त्याच श्वासात बोर्ड ओढायला हात घालतो. त्या वाफेत युरिया-फॉर्मल्डिहाइड रेझिनमधून, म्हणजे प्लायवूडचे थर चिकटवणाऱ्या गोंदातून, सुटलेला फॉर्मल्डिहाइड वायू असतो. अशा माणसांच्या कॉलरला पंप लावून हवेचे नमुने घेणं हे माझं काम. रिपोर्ट हातात पडला की सेफ्टी ऑफिसर विचारतात, "मॅडम, लिमिट कुठलं धरायचं?"

आपल्याकडचा आकडा कारखाने कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीतून आला. भोपाळनंतर, 1987 च्या दुरुस्तीने ही अनुसूची कायद्यात घातली गेली. तिच्यात फॉर्मल्डिहाइडसाठी आठ तासांच्या सरासरीला 1 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) आणि पंधरा मिनिटांच्या सरासरीला 2 पीपीएम होता. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांची परिषद, एसीजीआयएच, त्या काळी हेच आकडे सुचवत होती. परिषद पुढे खाली उतरत गेली: 1992 मध्ये कधीच ओलांडायची नाही अशी 0.3 ची कमाल मर्यादा, आणि 2017 मध्ये सरासरी 0.1, पंधरा मिनिटांना 0.3. अमेरिकेची सरकारी कामगार-सुरक्षा संस्था, ओशा, तिची कायदेशीर मर्यादा 1992 पासून 0.75 आणि 2 वर आहे. युरोपीय संघाने 2019 च्या निर्देशात 0.3 आणि 0.6 ठरवले. ब्रिटनच्या यादीत दोन्हींना 2.

एकाच वायूला इतके वेगळे आकडे, कारण प्रत्येकाने वेगळ्या इजेकडे बघून रेघ ओढली आहे. 1980 च्या सुमारास उंदरांवर झालेल्या दीर्घ प्रयोगात साधारण 15 पीपीएमला जवळपास निम्म्या उंदरांच्या नाकात कर्करोगाच्या गाठी झाल्या, 6 च्या आसपास फक्त एक टक्क्याला, आणि 2 पीपीएमला एकालाही नाही. म्हणजे धोका सरळ रेषेत चढत नाही. नाकाच्या अस्तराला जळजळ होऊन पेशी मरू लागल्या, त्या जागी नव्या पेशी भराभर तयार होऊ लागल्या की तो उसळतो. म्हणून युरोपच्या तज्ज्ञांनी जळजळच थांबवायची असं ठरवलं. जर्मनीत 21 निरोगी स्वयंसेवकांना रोज चार तास या वायूत बसवून त्यांच्या डोळ्यांची लाली आणि पापण्यांची उघडझाप मोजली गेली. 0.5 पीपीएम सतत असताना त्यात फरक दिसला नाही. पण त्याच 0.5 मध्ये अधूनमधून 1 पीपीएमचे झटके दिले तेव्हा डोळे तक्रार करू लागले. 0.3 वर 0.6 चे झटके मात्र सोसले गेले. युरोपचा आकडा तिथून आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, आयएआरसीने, 2004 मध्येच फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं होतं, आणि 2009 मध्ये ल्युकेमियाचाही संबंध मान्य केला. आपला 1 पीपीएम या सगळ्याच्या आधीचा आहे.

आता एक हिशोब करून बघा. समजा, प्रेसवरच्या माणसाला दिवसातून एकूण दोन तास 1.6 पीपीएम आणि उरलेले सहा तास 0.2 मिळाला. सरासरी येते 0.55. आपल्या अनुसूचीत तो पास, झटक्यालाही पास. ब्रिटनमध्येही पास. ओशाच्या दोन्ही मर्यादांत बसतो, पण तिथे 0.5 ला कृती-पातळी आहे. ती ओलांडली की दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजणी आणि कामगाराची वैद्यकीय देखरेख मालकाला करावीच लागते. युरोपमध्ये सरासरीतही नापास, झटक्यातही नापास. माणूस तोच, वाफही तीच.

माझं मत स्पष्ट आहे: 0.3 आणि 0.6 धरा. कमी फॉर्मल्डिहाइडचं रेझिन आणि प्रेसच्या तोंडाशी नीट बसवलेला हूड, एवढ्यावर तिथे पोहोचण्याची तयारी ठेवा. रुमाल बांधून किंवा धुळीचा मास्क लावून वायू अडत नाही. एसीजीआयएचचा 0.1 मला लक्ष्य म्हणून पटतो, पण जिथे आज 1.6 चे झटके आहेत तिथे आधी झटके मोडायला हवेत. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेचा, नायॉशचा, 0.016 कारखान्यात वापरता येत नाही, कारण नव्या फर्निचरच्या घरातही हवा त्याच्या वर असते. ओशाचा 0.75 घेऊ नका, पण कृती-पातळीची पद्धत जरूर घ्या, 0.3 च्या निम्म्यावर, 0.15 ला, डोळे-नाक-छातीची तपासणी सुरू करा.

वासावर भिस्त ठेवू नका. नवखा माणूस दारातच डोळे चोळतो, आणि अर्ध्या तासात म्हणतो, "आता काही वास नाही." वायू गेलेला नसतो, नाक बधिर झालेलं असतं.

पॅथॉलॉजी लॅब आणि शवविच्छेदन कक्षालाही हेच. युरोपने आरोग्यसेवेला आणि शव जतन करणाऱ्यांना 0.5 ची सवलत दिली होती, तीही 11 जुलै 2024 ला संपली. फॉर्मलिनमधला, म्हणजे फॉर्मल्डिहाइडच्या पाण्यातल्या द्रावणातला, नमुना कापणारी तंत्रज्ञ वाकून काम करते, तिचं नाक ट्रेपासून वीतभर अंतरावर असतं. खोलीच्या भिंतीवर लावलेला पंप तिची हवा मोजतच नाही. पंप तिच्या कॉलरलाच हवा, आणि पंधरा मिनिटांचा नमुना डबा उघडतानाच घ्यायला हवा.

एक गोष्ट जवळपास सगळे विसरतात. 0.3 हा आकडा आठ तासांच्या पाळीचा आहे. तुमच्याकडे बारा तासांची पाळी असेल तर 0.3 गुणिले 8, भागिले 12. तुमचा आकडा 0.2.