अडीच इंची सायलेन्सर सेट: आवाज भारी, ओढ तीच

पुण्यात १.२ लीटर पेट्रोल गाड्यांसाठी जो अडीच इंची स्टेनलेस सेट विकला जातो, त्याचं काम सुबक आहे. पाईप ३०४ ग्रेडचा, टिग वेल्डिंग स्वच्छ, वळणावर पाईप चेपलेला नाही. पावसाळ्यात गंजायची काळजी नाही. चुकलाय तो व्यास.

८०-९० हॉर्सपॉवरच्या इंजिनाला दोन इंची म्हणजे ५१ मिमी पाईप पुरतो. अडीच इंचाला म्हणजे ६३ मिमीला आतली जागा दीडपट होते आणि वायूचा वेग तेवढाच पडतो. ‘इंजिनाला बॅकप्रेशर (बाहेर पडणाऱ्या वायूला अडवणारा उलटा दाब) लागतं’ असं काउंटरवर सांगतात, ते चूक. लागतो तो वेग. पुढे निघालेल्या धक्क्यामागे दाब उतरतो आणि सिलिंडरमधला उरलेला जळका वायू ओढला जातो. पण हा खेळ मॅनिफोल्डमध्येच, म्हणजे सगळ्या सिलिंडरचा वायू एकत्र आणणाऱ्या इंजिनालगतच्या नळ्यांमध्येच, जवळपास संपतो. म्हणून कॅटमागचा (कॅट म्हणजे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) पाईप कितीही रुंद केला तरी नवले पुलावरून कात्रज बोगद्याचा चढ चौथ्या गिअरमध्ये चढताना काही फरक जाणवत नाही.

आवाज मात्र बदलतो, आणि खरा त्रास तिथेच आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट. २४०० आरपीएमला सेकंदाला ८०. पाचव्या गिअरमध्ये ताशी ८० च्या आसपास गाडी नेमकी इथे असते आणि केबिन घुमायला लागते. सरळ जाळीचा, ग्लासवूल भरलेला डबा कर्कश आवाज छान गिळतो, हा खालचा सूर सोडून देतो. तो मारायला पाईपला बाजूने जोडलेली, एका टोकाला बंद नळी साधारण सव्वा मीटर लांब लागते. हॅचबॅकखाली तेवढी जागा काढणं अवघड. त्यापेक्षा हाच सेट दोन इंचीत, मध्ये रेझोनेटर (घुमणारा आवाज कमी करणारा डबा) टाकून मागा.

बसवताना पॅकिंग आणि हँगर रबर नवीनच घ्या. आधी सगळे बोल्ट सैल ठेवून पाईप मधोमध आणा, मागच्या अ‍ॅक्सलपासून बोटभर अंतर ठेवा, मग आवळा. गाडी तापून थंड झाली की पुन्हा एकदा आवळा. थंड इंजिन चालू करून टेलपाईपवर जाड कापड धरा. सांध्यातून फुसफुस आली तर गळती आहे. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती राहिली तर बाहेरची हवा आत येते, ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवतो आणि मायलेज पडतं.

कॅट काढून देतो म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा. चेक लाईट लागेल, पीयूसीला अडचण येईल. आवाजाच्या नियमभंगाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे.