टी कोख इन, पोर्थदिनलाईन: पुळणीवरचं लाल घर

वेल्समधल्या लीन द्वीपकल्पाच्या उत्तर किनाऱ्यावर, पोर्थदिनलाईनच्या पुळणीला लागून टी कोख इन हा पब आहे. वेल्श भाषेत टी म्हणजे घर आणि कोख म्हणजे लाल. आसपासची जुनी घरं दगडाची, पण १८२३ साली बांधलेलं हे घर मात्र लाल विटांचं. या विटा हॉलंडहून आल्या, त्याही विकायचा माल म्हणून नव्हे. रिकामं जहाज कलंडू नये म्हणून तळाशी वजन भरतात, तसं वजन म्हणून. बंदराचा व्यापार असा थेट भिंतीत दिसणारी इमारत क्वचितच बघायला मिळते.

आधी इथे जवळच्या एडर्न गावचे पाद्री राहत. त्यांचं घर सांभाळणाऱ्या कॅथरीन एलिस यांनी १८४२ मध्ये इथे पब सुरू केला, तो समोरच्या वाळूत जहाजं बांधणाऱ्या कारागिरांसाठी. आयर्लंडची टपाल-जहाजं इथूनच सुटावीत अशी जमीनदार आणि खासदार विल्यम मॅडॉक्स यांची धडपड होती, पण मान होलीहेड बंदराला मिळाला. त्यामुळेच पोर्थदिनलाईनची वाडी एवढीशी राहिली. १९९४ पासून ती नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे.

भिंत जवळून पाहायची तर आधी विटांमधले सांधे पाहा. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ ओलीबरोबर आत शिरतं आणि भिंत सुकताना त्याचे स्फटिक होऊन पृष्ठभाग फोडतात. सांधा चुन्याचा असला तर ओल त्यातून बाहेर पडते. झिजतो तो चुना, आणि तो पुन्हा भरता येतो. जुन्या मऊ विटेत सिमेंट भरलं की ओलीची ती वाट बंद होते. मग विटेचेच पापुद्रे सुटतात आणि सिमेंटची रेघ तेवढी पुढे राहते. किनाऱ्यावरच्या कुठल्याही जुन्या विटांच्या घराला ही खूण लागू पडते.

आत छताला कंदील आणि प्यायचे मग टांगलेले आहेत. छान दिसतात, पण खोली लहान असल्याने मूळ बांधणीकडे लक्षच जात नाही. घर बाहेरूनच नीट कळतं.

गाडी दारापर्यंत नेता येत नाही, ती मुभा फक्त रहिवाशांना. मॉर्वा नेव्हिन गावात ट्रस्टच्या वाहनतळावर गाडी लावून पुळणीवरून साधारण वीस मिनिटं चालायचं. मोठ्या भरतीत ही वाट पाण्याखाली जाते. मग वरची, गोल्फच्या मैदानातून जाणारी वाट धरावी लागते, आणि तिथे चेंडूंकडे लक्ष हवं. भरती-ओहोटीचं वेळापत्रक परतीच्या वेळेसाठीही पाहून ठेवा. बहुतेकांची फसगत तिथेच होते. हिवाळ्यात पबच्या वेळा आखडतात, तेव्हा आधी विचारून निघा. जमल्यास ओहोटी लागताना पोहोचा: वाळू मोकळी होत असते आणि पाण्यापलीकडे अर् आयव्हल डोंगराची तिन्ही शिखरं समोर असतात.