छर्रे : महिन्याला देशी डबे की एकदम आयातीचं खोकं?

विक्रेत्याला फोन लावला की हल्ली तो आधी ‘जुना माल संपला हं’ असं सांगतो आणि मग भाव. हे वाक्य मी या वर्षात तीनदा ऐकलं. त्यामुळे आमच्या रेंजवर सध्या एकच वाद चालतो : एअर रायफलचे देशी छर्रे, म्हणजे शिशाच्या बारीक गोळ्या, लागतील तसे घेत राहावे, की आयातीचं खोकंच आणून घरात टाकावं? माझं दोन्ही करून झालंय, म्हणून लिहितो. मी १० मीटर एअर रायफलवाला, वय पन्नाशीपुढचं, पदकांचा प्रश्न कधीच मिटलेला. तेव्हा हे कुणा मोठ्या नेमबाजाचं मत समजू नका.

.२२ वाल्यांनी, म्हणजे काडतुसाची रायफल चालवणाऱ्यांनी, इथेच थांबलं तरी चालेल. त्यांची घाऊक खरेदी लायसन्सवर मंजूर झालेल्या काडतुसांच्या आकड्यापाशी येऊन अडते. आपल्या डब्यात बंदुकीची दारू नाही, त्यामुळे आपल्याला अडवतो तो फक्त खिसा.

एक गैरसमज मात्र आधीच काढून टाकतो. ‘देशी घेतलं की भाववाढीतून सुटलो’ असं रेंजवर सर्रास ऐकू येतं. शिशाचा भाव ठरतो लंडन मेटल एक्स्चेंजवर, तोही डॉलरमध्ये, आणि आपल्याकडच्या कारखान्यालाही त्याच भावाकडे बघून माल घ्यावा लागतो. आयातीच्या छर्ऱ्यांत आरडब्ल्यूएस आणि एच अँड एन हे ब्रँड जर्मनीचे, जेएसबी झेकचा. त्यांच्या डब्यावर युरोचाही बोजा पडतो, आणि २०२५ मध्ये युरोने शंभरी ओलांडली. म्हणजे चढणार दोन्ही, आयातीचा डबा जरा जास्त. आज माझ्या हिशेबाने एका आयात डब्याच्या पैशात देशी दोन डबे येतात आणि वर दोघांचे पोहे-जलेबी सुटतात.

देशी डब्याच्या बाजूने बोलायचं तर बरंच आहे. पैसे अडकत नाहीत. पाहिजे तेव्हा मिळतो. आमच्या राजेंद्रनगरची पुतणी शाळेतून नेमबाजीला लागली, तेव्हा तिला पहिले तीन-चार हजार शॉट देशीच दिले आणि पुन्हाही तेच देईन. ज्याचा आठचा नेम अजून सातात जातो त्याला जर्मन शिसं देऊन काय करायचं! उभं राहणं, श्वास, ट्रिगर, हे सगळं देशी छर्ऱ्यावर तितकंच पक्कं होतं. मी स्वतः चार वर्षं तेच वापरले, आणि अमुक तारखेपर्यंत माझी काही तक्रार नव्हती.

तक्रार सुरू झाली ती निवडण्यापासून. डबा उघडला की तळाशी करडी पूड, आणि पाचशेत पंधरा-वीस छर्रे असे की मागचा घेर चेपलेला. छर्ऱ्याचा आकार डमरूसारखा, त्याचं एक तोंड वाकडं झालं तर तो सरळ कसा जाणार? म्हणून मी रात्री जेवणं आटोपली की चष्मा लावून ताटात छर्रे पसरून निवडायला बसायचो. बायको म्हणाली, ‘तांदूळ निवडायला सांगितले तर चष्मा सापडत नाही.’ ते ताट तिने त्याच रात्री स्वयंपाकघरातून हद्दपार केलं, आणि बरोबरच केलं. शिसं ते शिसंच. (छर्रे हाताळल्यावर साबणाने हात धुवा. रेंजवरून उठून थेट कचोरीवर तुटून पडणारे मी पाहिलेत.)

निवडण्याचाही मला तसा कंटाळा नव्हता, हात चालू असतात आणि रेडिओ ऐकता येतो. पण एवढं निवडूनही मनातली शंका काही निवडून निघेना. क्लबच्या एका स्पर्धेत पहिली सिरीज छान चालली होती : १०.३, १०.५, १०.४. मग अचानक ९.४, डावीकडे. शॉट सुटताना रायफल जागेवर होती असं मी शपथेवर सांगितलं असतं. एक दशांश म्हणजे कार्डावर पाव मिलिमीटर, तेव्हा १०.४ वरून ९.४ म्हणजे अडीच मिलिमीटर. हे माझ्या खांद्याचं काम की छर्ऱ्याचं? पुढचे वीस शॉट मी या प्रश्नाचं उत्तर शोधत मारले. प्रत्येक शॉट लांबवला, लांबवल्यामुळे आणखी बिघडला. घरी येताना मी छर्ऱ्याला शिव्या दिल्या, पण आतून माहीत होतं की निदान निम्मे शॉट माझेच वाईट होते. कुठले निम्मे, ते मात्र सांगता येत नव्हतं. सराव करून सुधारायचं तर नेमकं तेच कळायला हवं.

दुसऱ्या दिवशी वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून त्याच डब्यातले दहा मारले. आठ एका भोकात, दोन बाहेर. दहा शॉटची चाचणी म्हणजे काही शास्त्र नव्हे, कबूल आहे. माझं मन मात्र तिथेच फिरलं.

खोकं घेतलं ते त्यानंतर. मी आठवड्यातून चार दिवस जातो, रोजचे पाऊणशे शॉट धरले तर महिन्याला बाराशेच्या आसपास. वीस डबे म्हणजे दहा हजार छर्रे, आठ महिने निघतात. नुसत्या शिशाचं वजनच सव्वापाच किलोच्या आसपास, शिधा घरी आणल्यासारखं वाटतं. पैसे एकदम देताना छातीत कळ आली, खोटं कशाला सांगू. आम्ही तिघांनी मिळून मागवलं आणि महिन्याला थोडं थोडं वळतं केलं, भिशीसारखं. त्यामुळे निभावलं.

खोक्यातही घोळ घालता येतो, आणि मी तो घातला. पहिल्या वेळी छर्ऱ्याच्या डोक्याचं, म्हणजे पुढच्या घेराचं, माप न तपासताच ४.५० मिमीचे मागवले, कारण ‘सगळे तेच घेतात’. माझ्या नळीला ४.४९ जास्त मानवतं हे कळलं तोवर सहा डबे उघडून झाले होते. म्हणून आधी तीन मापांचा एकेक डबा मागवा, टेकवून मारून बघा, जो बसेल त्याच्या मागच्या चिकटपट्टीवरचा बॅच नंबर टिपून घ्या, आणि विक्रेत्याला सांगा की याच नंबरचे वीस बाजूला ठेव. इथे आळस केलात तर ती बॅच दुसऱ्या कुणाच्या घरी गेलेली असते, आणि नव्या बॅचचं तेच माप वेगळं वागू शकतं. भाव वाढायच्या आत उरकायची घाई असते खरी, पण या एका गोष्टीत घाई महाग पडते.

रेंजवर हमखास कुणीतरी विचारतो, ‘महूचे फौजी काय वापरतात?’ विजय कुमारने २०१२ मध्ये लंडन ऑलिंपिकला रौप्य जिंकलं, तो तेव्हा इंदूरजवळच्या महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटचा, त्यामुळे हा प्रश्न आमच्याकडे हक्काचा. पण त्याचं पदक रॅपिड फायर पिस्तुलाचं, तुमची नळी तुमची. फौजींना विचारून तुमच्या छर्ऱ्याचं माप ठरत नाही.

साठवणीचं फार काही नाही. पावसाळ्यात डबे कपाटात, झाकणं घट्ट, उघडा एका वेळी एकच. नाहीतर शिशावर पांढरी पूड धरते.

तुम्ही वर्षाला दोन-तीन हजारच मारत असाल, रायफल क्लबची असेल किंवा लवकरच बदलायची असेल, तर खोक्यात पैसे अडकवू नका असंच मी म्हणेन. देशी घ्या, ताटात निवडा, बायकोला विचारून ताट घ्या. पण स्वतःची नळी आहे, आठवड्यातून तीन दिवस तरी जाता आणि ९.४ आला की तो कुणाचा हे कळायला हवं असं वाटतं, तर माझा कल कुठे आहे ते एव्हाना लपलेलं नसेल. गुण माझे फार वाढले असं नाही. वाईट शॉट गेला की आता मान खाली घालून बोल्ट उघडतो, एवढा फरक पडलाय.

माझ्याकडे सात डबे उरलेत. त्याच बॅचचे आणखी सहा दिल्लीच्या विक्रेत्याकडे आहेत, नव्या भावाने. भिशीतल्या दोघांना विचारलंय. एकाचं हो आलंय, दुसऱ्याच्या मुलीची फी भरायची आहे.