गिझर लावला की घर अंधारात – गल्लीतल्या इलेक्ट्रिशियन काकांच्या कामाचा अनुभव

वाघोलीत आमच्या भागात बोअरचं नाहीतर टँकरचं क्षारांचं पाणी, त्यामुळे गिझरची वाट लागणार हे माहीतच होतं, पण अशी लागेल असं वाटलं नव्हतं. 15 लिटरचा स्टोरेज गिझर, 2000 वॅटचा, घेऊन चार वर्षं झालेली. जानेवारीत एके दिवशी सकाळी आईने गिझरचं बटण दाबलं आणि खाडकन सगळ्या घराची लाईट गेली. बघितलं तर गिझरचा एमसीबी (लोड जास्त झाला किंवा शॉर्ट झालं की पडणारा स्विच) जागेवर, मेन बोर्डातला आरसीसीबी (करंट गळला की सगळ्या घराची लाईट तोडणारा स्विच) पडलेला. वर केला, दहा मिनिटं चालला, परत पडला. दोन-तीन दिवस हेच चाललं होतं, आणि गंमत म्हणजे मधल्या वेळात पाणी मस्त गरम व्हायचं, त्यामुळे गिझर बिघडलाय असं कुणाच्या डोक्यातच येईना.

त्यात तिसऱ्या दिवशी गिझरचं बटण बंद असताना आईने मिक्सर लावला आणि तरी आरसीसीबी पडला. मग मी मिक्सरवर संशय घेतला, तो शेजारी नेऊन चालवून बघितला, तिथे व्यवस्थित. शेवटी गिझरची तीन पिनांची प्लगच काढून ठेवली आणि मग मिक्सर, फ्रिज, वॉशिंग मशीन सगळं सुरळीत. म्हणजे दोष गिझरमध्येच, पण बटण बंद असताना तो कसा त्रास देतो हे काही केल्या कळेना.

आधी कंपनीच्या सर्व्हिसला फोन केला. कंपनीचं नाव घेत नाही, पण आलेल्या मुलाने काय केलं ते सांगतो. मल्टीमीटर लावला, एलिमेंटचं, म्हणजे पाणी तापवणाऱ्या कॉइलचं रीडिंग 26 ओहमच्या आसपास आलं, म्हणाला कॉइल चांगली आहे, गिझर ओके, तुमचा आरसीसीबीच जास्त सेन्सिटिव्ह झालाय, सांगत असाल तर त्याला वगळून लाईन जोडतो, म्हणजे बायपास करून देतो, पाच मिनिटांचं काम आहे. व्हिजिटचे 450 घेतले. आई हो म्हणणारच होती, कारण थंडीत रोज सकाळी अंधारात उभं राहून तीही वैतागली होती. मी नको म्हटलं ते बरं झालं.

संध्याकाळी सोसायटीसमोरच्या गल्लीतल्या इलेक्ट्रिकलच्या दुकानातले काका आले. पहिला प्रश्न विचारला, "दादा, नेमकं काय पडतं? एमसीबी का आरसीसीबी? लगेच पडतो का थोड्या वेळाने?" हे त्या कंपनीवाल्याने विचारलंच नव्हतं. काका म्हणाले, फक्त एमसीबी पडत असेल तर लोड जास्त आहे किंवा शॉर्ट आहे, आणि आरसीसीबी पडतोय म्हणजे करंट कुठूनतरी अर्थिंगला गळतोय, 30 मिलीअँपिअरची गळतीसुद्धा त्याला पुरते. मग पिशवीतून हँडल फिरवायचा जुना मेगर (करंट कुठे बाहेर गळतोय का ते तपासायचं मीटर) काढला, एक वायर एलिमेंटच्या टर्मिनलला, एक गिझरच्या बॉडीला, हँडल फिरवलं, आणि काटा सरळ शून्यावर येऊन बसला. "हे बघा, कॉइल तुटलेली नाही म्हणून मल्टीमीटरला चांगली दिसते, पण ती बॉडीला लागलीय."

पाणी काढून एलिमेंट बाहेर घेतला तेव्हा मला खरंच धक्का बसला. तांब्याची नळी दिसतच नव्हती, वर चुन्यासारखा पांढरा जाड थर, बोटाने दाबला तर पापुद्रे निघत होते, टाकीच्या तळातून तर अर्धी बादली खडे निघाले. वळणाच्या जागी थर खरवडला तर केसाएवढी चीर आणि तिच्याभोवती तपकिरी डाग. काकांनी सांगितलं, क्षार साचले की आतली उष्णता बाहेर पडत नाही, नळी जास्त तापते आणि चिरते, मग नळीत कॉइलभोवती भरलेल्या पांढऱ्या पावडरीत पाणी शिरतं आणि गळती सुरू. तापल्यावर चीर उघडायची म्हणून दहा मिनिटांनी पडायचा. आणि मिक्सरचं कोडंही सुटलं, बटण फक्त फेज (करंट आणणारी वायर) तोडतं, न्यूट्रल (परतीची वायर) तसाच जोडलेला राहतो, तो एलिमेंटमधून अर्थिंगला लागलेला, त्यामुळे मिक्सरचा परतीचा करंट थोडा तिकडून निसटायचा आणि आरसीसीबी ते पकडायचा. म्हणजे तो बिचारा बरोबरच काम करत होता. बायपास केला असता आणि कधी अर्थिंगची वायर सुटली असती तर ओल्या अंगाने नळाला हात लावणारी आमची आईच होती. त्या विचाराने अजून कसंतरी होतं.

नवीन एलिमेंट, गॅस्केट आणि टाकी गंजू नये म्हणून असलेला, झिजून तारेएवढा उरलेला मॅग्नेशियमचा रॉड बदलून, मजुरी धरून 1400 झाले. बसवल्यावर परत मेगर फिरवून दाखवला, मग आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबून तो पडतो का तेही बघितलं. थर्मोस्टॅट 55 अंशांवर आणून ठेवला, जास्त तापवलं की क्षार जास्त धरतात म्हणाले, आणि या पाण्याला दरवर्षी टाकी उघडून साफ करायला सांगितलं.

खालच्या मजल्यावरच्यांचा वेगळाच प्रकार होता, त्यांनी 4500 वॅटचा इन्स्टंट गिझर 16 अँपिअरचा एमसीबी असलेल्या लाईनवर लावलेला. तो जवळजवळ साडेएकोणीस अँपिअर ओढतो, त्यामुळे एकामागोमाग अंघोळी झाल्या की एमसीबी पडायचा आणि प्लग काळी पडलेली. त्यांना वाटलं मोठा एमसीबी टाकला की झालं, पण काकांनी ठाम नकार दिला, आधी 4 स्क्वेअर एमएमची वेगळी वायर ओढली, प्लग काढून डायरेक्ट आयसोलेटर (लाईन पूर्ण तोडणारा स्विच) दिला, मग 25 चा एमसीबी टाकला. खर्च जास्त झाला, पण वायर जळण्यापेक्षा बरं.

तक्रार एकच, चारला येतो म्हणाले आणि साडेसहाला आले. दुकानाचं नाव टाकू नका असं काकांनीच सांगितलंय, एकटे आहेत, इतके फोन झेपत नाहीत. पण तुमच्याकडे येणाऱ्याला आधी विचारा, मेगर आहे का. नाही म्हणाला तर दुसरा बघा.