चुलीसाठी जळण कोणतं? नऊ महिने वापरून पाहिल्यावर

आमचं घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईपासून थोडं आत. घरात गॅस आहे. तरी चूल ठेवली आहे, कारण माणसं आठ, आंघोळीचं पाणी सगळ्यांना कढत लागतं, सकाळी उकड्या तांदळाची पेज असते आणि चतुर्थीला घर भरतं. एवढं सगळं गॅसवर काढायचं तर सिलिंडर महिनाभरही पुरत नाही. गेल्या जानेवारीत जुनी चूल मोडून दोन वैलांची नवी बांधून घेतली. खाली लोखंडी जाळी आहे, म्हणजे हवा तळातून येते, आणि मागे धुराडं. गवंडी जाताना म्हणाला, "चूल मी चांगली दिली, आता जळण तुम्ही चांगलं द्या." तेव्हापासून हाताला लागलं ते प्रत्येक जळण मी नीट मोजून जाळलं. तेच टोप, पाच लिटर पाणी, जळण आधी काट्यावर तोलायचं आणि उकळी फुटेपर्यंत घड्याळ बघायचं.

सगळ्यात आधी मला जे पटलं ते सांगते. लाकूड कोणत्या झाडाचं यापेक्षा ते किती वाळलंय याला जास्त किंमत आहे. जानेवारीत आकेशियाचा एक ताजा ओंडका फोडला, त्यातल्या एका फाळीवर खडूने खूण करून ती तोलली: 2 किलो 400 ग्रॅम. पडवीत, ऊन आणि वारा दोन्ही लागेल अशी ठेवली. मे महिन्याच्या शेवटी तीच फाळी 1 किलो 700 ग्रॅम भरली. टोकांना बारीक चिरा पडल्या होत्या, साल हाताने निघत होती आणि दोन फाळ्या एकमेकींवर आपटल्या की टणटण वाजत होत्या. म्हणजे सातशे ग्रॅम नुसतं पाणी होतं, आणि विकत घेताना आपण त्याचेही पैसे मोजतो.

त्याच ढिगातलं ताजं लाकूड मी फेब्रुवारीत जाळून पाहिलं होतं. पाच लिटरला 1 किलो 200 ग्रॅम गेलं, चाळीस मिनिटं लागली आणि डोळ्यांतून पाणी आलं ते वेगळंच. वाळल्यावर 620 ग्रॅममध्ये, बावीस मिनिटांत उकळी. कारण सरळ आहे. लाकडातलं पाणी आधी वाफ होऊन जायला हवं, आणि एक किलो पाण्याची वाफ करायला सव्वादोन मेगाज्यूलहून जास्त उष्णता लागते. नीट वाळलेलं लाकूड किलोमागे साधारण 15 मेगाज्यूल देतं; अर्धं वजन पाण्याचं असेल तर ते आठाच्या आसपास येतं. शिवाय चुलीतली आग थंड पडते, लाकडातून निघणारा वायू पेट न घेता धूर होऊन जातो आणि धुराड्यात चिकट काजळी बसते. मार्चमध्ये धुराडं साफ करायला घेतलं तर आतून डांबरासारखा थर निघाला. जूननंतर, वाळलेलं लाकूड वापरायला लागल्यावर, नुसती कोरडी काजळी झडते.

आता एकेक जळण. आकेशिया आमच्याकडे सहज मिळतो, जळतो चांगला, निखाराही ठीक. रोजच्या कामाला हाच. माझं माहेर मांद्र्याला. तिथून भावाने सुरूच्या झाडाच्या वाळलेल्या फांद्या टेम्पोत घालून आणल्या. सुरूचं लाकूड जड आणि घट्ट. रात्री राखेखाली निखारा झाकून ठेवला तर सकाळी फुंकणीने दोन फुंकरी मारल्या की जाळ उठतो. कुळीथ शिजवायला यासारखं दुसरं लाकूड मला मिळालं नाही. पण आमच्या भागात ते विकत घेऊन आणायचं तर वाहतुकीतच पैसे जातात. काजूच्या छाटणीचं लाकूड फुकट मिळतं, हलकं असतं, भराभर जळून जातं. चहाला ठीक, पेजेला नाही. लाकूड विकत घेताना एवढं जरूर विचारा की झाड परवानगीने तोडलंय का. गोव्यात 1984 पासून वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे.

काजूची टरफलं मात्र चुलीत घालू नका. शेजाऱ्यांनी पोतंभर दिली, म्हणून मी एकदा घातली. जाळ असा उठला की टोप काळंकुट्ट झालं, आणि धुराने घसा दोन दिवस खवखवत होता. टरफलात वजनाच्या पाव हिश्श्याच्या आसपास तेल असतं आणि ते कातडी भाजणारं आहे. सासूबाई म्हणाल्या, "गे, काजू बिब्ब्याच्या गोतातला. ताटात येणाऱ्या अन्नाला तो धूर कशाला लावतेस?" बिब्बा आणि काजू खरोखरच एकाच कुळातले.

करवंट्यांविषयी मी दिवसभर बोलू शकते. आम्ही त्यांना करट्या म्हणतो. आमच्या घरात रोज एक-दोन नारळ फुटतात, त्यामुळे हे जळण घरातच तयार होतं. पाच लिटरला 540 ग्रॅम, अठरा मिनिटं. जाळ स्वच्छ, पिवळाधमक, धूर सुरुवातीचाच. मात्र अख्ख्या करट्या एकात एक बसवून चुलीत घातल्या तर मधे हवा शिरत नाही आणि त्या धुमसत बसतात. कोयत्याच्या पाठीने चार तुकडे करा. साठवतानाही फोडूनच ठेवा. अंगणात उताण्या राहिल्या तर पावसाचं पाणी साचून डास होतात. सोडणं, म्हणजे नारळाची वरची सालं, वेगळी गोष्ट. ती स्पंजासारखी ओल धरतात आणि धुमसतात. ती मी फक्त न्हाणीतल्या भाणाखाली, म्हणजे आंघोळीचं पाणी तापवायच्या भांड्याखाली घालते, आणि त्यांची राख माडाच्या मुळाशी.

विकतच्या भुशाच्या कांड्यांवर माझे पैसे फुकट गेले. एप्रिलमध्ये फार सुंदर जळल्या: एकसारखा जाळ, राख थोडी, हाताला घाण नाही. जूनमध्ये आमच्याकडे पाऊस बसला की सगळ्या घरालाच ओल येते. जुलैत पोतं उघडलं तर कांड्या फुगून खाली निम्म्या भुसा झालेल्या. विकणाऱ्याने ओलीविषयी चकार शब्द काढला नव्हता. कोरड्या महिन्यांत घ्या आणि मेअखेर संपवा.

कोळसा सगळ्यात जास्त उष्णता देतो, किलोला तीसच्या जवळपास मेगाज्यूल, आणि धूर जवळजवळ नाही. तिथेच धोका आहे. ऑगस्टमध्ये मुलांचे कपडे वाळवायला सासूबाई कोळशाची शेगडी घेऊन दार लावून बसल्या. तासाभराने मी आत गेले तेव्हा त्यांचं डोकं ठणकत होतं, मळमळत होतं, उभं राहताना झोक जात होता. मी त्यांना धरून पडवीत आणलं, खिडक्या सताड उघडल्या आणि शेगडी अंगणात नेऊन ठेवली. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोळ्यांनाही झोंबत नाही. त्या दिवशी मला अर्धा तास उशीर झाला असता तर, हा विचार अजून मनातून जात नाही. आता आमच्या घरात कोळसा फक्त उघड्या पडवीत पेटतो, आणि तुमच्याही घरात तसाच पेटावा अशी माझी हात जोडून विनंती आहे.

चतुर्थीला सगळा हिशोब जमला. करट्यांनी पेटवण, मग आकेशियाच्या दोन फाळ्या, आणि मोदकांना वाफ धरायची तेव्हा सुरूचा निखारा. मोदकांचे चार घाणे निघाले, एकही फुटला नाही. सिलिंडर आता अठ्ठावीस दिवसांऐवजी पन्नासच्या वर चालतो.

पुढच्या वर्षाचं लाकूड डिसेंबरातच फोडून घेणार आहे, मनगटाएवढ्या जाडीचं. पडवीत जमिनीपासून वीतभर उंच फळ्या टाकून घेतल्या आहेत, आणि जूनमध्ये लागणाऱ्या फाळ्या चुलीवरच्या माळ्यावर चढतील.