चिखलदऱ्याच्या खोल्या आणि आमचे १७,२०१ रुपये

पावसाळ्यात चिखलदऱ्याला जायचा बेत असेल आणि मोबाईलवर शोधून रिसॉर्टच्या नंबरवर फोन लावणार असाल, तर आधी हे पूर्ण वाचा. आमच्या गावातल्या तेरा बायांचे १७,२०१ रुपये त्याच वाटेने गेले. मी गावच्या बचत गटाची सचिव, व्यवहार माझ्या मोबाईलवरून झाले, म्हणून गावात आता "सचिवबाईनं पैसे बुडवले" एवढंच उरलं आहे. तर स्पष्ट सांगते, बचत गटाच्या खात्यातला एक रुपयाही यात नाही. सहलीसाठी प्रत्येकीने वेगळे १,५०० दिले, १९,५०० जमले, वहीत सह्या आहेत. ज्यांना वही बघायची त्यांनी घरी यावं. पारावर बसून माझा हिशेब काढू नये.

बेत साधा होता. श्रावणात निंदणाचा जोर ओसरला की शनिवार-रविवार धरून एक मुक्काम. आम्ही दर्यापूर तालुक्यातल्या, खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या भागातल्या बाया. पाऊस उघडला की उत्तरेला गाविलगडची रांग दिसते, पण आमच्यातल्या निम्म्या जणी तो घाट कधी चढल्या नव्हत्या. परतवाड्यापर्यंत एसटी, पुढे काळीपिवळी. भीमकुंड, देवी पॉइंट, पंचबोल, पाय चालले तर किल्ला. शेजारच्या आजींना कॉफीची झाडं बघायची होती, कारण चिखलदऱ्याला कॉफी होते हे नातवाने त्यांना पुस्तकातून वाचून दाखवलं होतं. आणि सगळ्यांचा मोठा हट्ट जंगलाचा. लागूनच मेळघाट. १९७३-७४ मध्ये देशात पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले त्यातला एक, त्यातच गुगामल राष्ट्रीय उद्यान, आणि आमच्यातल्या एकीनेही कधी जिप्सीत पाय ठेवला नव्हता.

आधी बुकिंग कशाला, तिथे गेल्यावर बघितलं असतं, असं आता सगळे म्हणतात. गेल्या पावसाळ्यात आमच्याच गावची पोरं शनिवारी खोली न मिळाल्याने गाडीत झोपून आली. पोरं झोपतील गाडीत. तेरा बाया, त्यात दोघी साठीच्या पुढच्या, मी कुठे झोपवणार होते?

नकाशावर रिसॉर्ट सापडलं. फोटो खरे, लोकांचे अभिप्राय खरे, गेटही खरं. खोटा होता फक्त फोन नंबर. नकाशावरच्या माहितीत कोणीही बदल सुचवू शकतो, आणि हे लोक तेवढंच करतात, हे मला नंतर कळलं. फोन उचलणारा माणूस इतका सभ्य की विचारू नका. अर्धी हिंदी, अर्धी मराठी, दर वाक्याला "मॅडम". व्हॉट्सॲपवर लगेच दरपत्रक आलं, त्यावर लोगो, जीएसटी नंबर. चार खोल्या, २,२०० प्रमाणे ८,८००. निम्मा ॲडव्हान्स, ४,४००.

आता ती जागा, जिथे सगळे मला शहाणपण शिकवतात. नंबर टाकला, रक्कम टाकली, आणि स्क्रीनवर रिसॉर्टचं नाव न येता कुठल्यातरी माणसाचं नाव आलं. आडनावही आपल्याकडचं नाही. मी पाहिलं. बोट थांबलं. त्याला फोन करून विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "मॅडम, ते आमचे अकाउंटंट आहेत, करंट खात्याची लिमिट संपली, शनिवारच्या दोन पार्ट्या अजून लाईनवर आहेत, तुम्ही बघा." मी पैसे टाकले.

"नाव बघायचं ना!" असं म्हणणाऱ्यांनी एक दिवस आमच्या गावात येऊन व्यवहार करून दाखवावा. कृषी केंद्राचा क्यूआर मालकाच्या पोराच्या नावाने आहे. दुधाचे पैसे डेअरीवाल्याच्या बायकोच्या नावावर जातात. किराणावाल्याचा क्यूआर त्याच्या साळ्याचा, ट्रॅक्टरवाल्याचा पुतण्याचा, आणि पीठगिरणीवर जो चिकटवलेला आहे तो कोणाचा हे गिरणीवाल्यालाही आठवत नाही. आम्ही रोज परक्या नावावर पैसे टाकतो आणि रोज ते बरोबर पोचतात. या सवयीवरच तो माणूस जगतो. नाव वेगळं दिसलं की बाई विचारणार, आणि "अकाउंटंट" म्हटलं की गप्प बसणार, हे त्याला पाठ होतं. म्हणून ऐका: दुकान तुमच्या डोळ्यांसमोर असेल तर नाव कोणाचंही चालेल. दुकान पाहिलेलं नसेल आणि नाव जुळत नसेल, तर पैसा टाकू नका. खोली गेली तर जाऊ द्या.

दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन. सफारी करायची का? दोन जिप्सी, ३,२०० प्रमाणे ६,४००, "टायगर गॅरंटी". इथे मात्र मला स्वतःचा राग येतो, कारण मी इथलीच आहे. मेळघाट म्हणजे ताडोबा नव्हे. डोंगर, दऱ्या, दाट सागवान, तिथे जंगलातल्याच सेमाडोह गावच्या माणसालासुद्धा वाघ मनात येईल तेव्हा दिसत नाही. शिवाय पावसात आतल्या कितीतरी वाटा बंदच असतात. वाघाची गॅरंटी देणारा माणूस एकतर खोटारडा, नाहीतर वाघ त्याच्या घरचा. पण माझ्यासमोर त्या वेळी बाया बसल्या होत्या, फोन स्पीकरवर होता, "टायगर" ऐकून सगळ्या हसत होत्या. नणंदेचा मुलगा परतवाडा-चिखलदरा गाडी चालवतो, त्याला विचारायला फोन लावला. घाटात रेंज नव्हती. ६,४०० गेले.

सफारीसाठी त्याने सगळ्यांच्या आधार कार्डांचे फोटो मागितले. तेही पाठवले, कारण जंगलाच्या परवान्याला ओळखपत्र लागतं हे खरंच आहे. खऱ्या गोष्टीत खोटं मिसळायची त्यांची ही रीत. पैशांपेक्षा याचाच घोर जास्त लागून राहिला आहे. पैसे माझे मी फेडीन, पण तेरा बायांचे आधार कोणाच्या हातात आहेत कोण जाणे. कोणालाही आधार द्यायचंच झालं तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत ते बघता येतं. आम्ही सगळ्यांचं तपासून घेतलं, आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसेही लॉक केले.

मग तासाभराने: "मॅडम, वनविभागाच्या सिस्टीममध्ये एंट्री मिसमॅच दाखवते. एक रुपया वाढवून ६,४०१ टाका, आधीचे आपोआप परत येतात." टाकले. पैसे परत आले नाहीत. मी आवाज चढवला तर तो माझ्यापेक्षा शांत. "घाबरू नका, दोन्ही एंट्र्यांचा मिळून १२,८०१ चा रिफंड पाठवतो, क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका." मी स्कॅन केला, पिन टाकला, आणि स्क्रीनवर आलं की खात्यात पुरेशी रक्कम नाही. तेव्हा डोक्यात वीज पडली. पैसे यायचे असतील तर माझ्या खात्यात शिल्लक कशाला लागते? सहलीचे उरलेले २,२९९ आणि माझे थोडे, एवढेच खात्यात होते म्हणून वाचले. जास्त असते तर तेही गेले असते. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. हे घरातल्या म्हाताऱ्यांना, नव्याने मोबाईल घेतलेल्या पोरींना, सगळ्यांना आजच सांगा.

"रिफंड नको, मी ठाण्यात जाते," म्हटलं तर तो हसला आणि म्हणाला, "जरूर जाओ." त्याचं हसणं तेव्हा कळलं नाही, ठाण्यात गेल्यावर कळलं.

ठाणे अंमलदार म्हणाले, साहेब बंदोबस्तात आहेत. मग म्हणाले, चिखलदऱ्याचं प्रकरण आहे, तिकडे द्या. मी म्हटलं, मी घरात ओट्यावर बसून फसले, चिखलदरा मी अजून पाहिला नाही. मग म्हणाले बँकेचं शिक्क्याचं स्टेटमेंट आणा. बँकेत गेले तर साहेब म्हणाले पोलिसांचं पत्र आणा, त्याशिवाय शिक्का मिळत नाही. वर, "पिन तुम्हीच टाकला ना?" हे चार माणसांसमोर, मोठ्याने. परत ठाण्यात. तिथे अर्ज लिहून घेतला, पोच मागितली तर म्हणे पोचेची गरज नसते. एकाने तर समजूत घातली, "ताई, लोकांचे लाखो जातात. सतरा हजारांसाठी कुठे फिरता?" साहेबांच्या पगारात ते सतरा हजार असतील. आमच्याकडे निंदणाची किती रोजी होते ते विचारा. त्यात माझ्या बुडालेल्या रोजीचा आणि जिल्ह्याच्या ठिकाणी मारलेल्या खेपांचा हिशेब कोणीच धरत नाही. बरं की बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे.

दुपारपासून संध्याकाळपर्यंत या दोन कार्यालयांत एकाही माणसाने मला १९३० हा नंबर सांगितला नाही. एकानेही नाही! तो सांगितला नणंदेच्या पोराने, घाट उतरून रेंजमध्ये आल्यावर. आर्थिक सायबर फसवणुकीचा देशभरासाठी हा एकच नंबर आहे. पैसे गेले की ठाण्याची पायरी चढण्याआधी हा फोन लावा, कारण पैसा एका खात्यातून दुसऱ्यात सरकत असतो आणि जिथे सापडेल तिथे अडवता येतो. माझी तक्रार रात्री नोंदली गेली. अडकले किती? २,१५०. आणि तेही सोडवून घ्यायचे तर कोर्टाचा आदेश आणा, असं मला सांगितलं. वकिलाची फी किती ते मी विचारलं, पण इथे लिहीत नाही, लोक हसतील.

आणखी एक. हद्दीचं कारण देऊन कोणी परत पाठवत असेल तर त्याला सांगा की भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, आणि तिच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची आहे. मी हे कागदावर लिहून नेलं तेव्हा कुठे खुर्ची मिळाली. पोचही मिळाली.

भाचा त्या रिसॉर्टवर जाऊन आला. तिथल्या मॅनेजरने हात जोडले. म्हणे, पावत्या घेऊन लोक येतात, आमच्याशी भांडतात, आम्ही गेटवर फलक लावला आहे. बाप्पा, घाट चढून गेटपर्यंत आलेल्या माणसाला तो फलक काय कामाचा? नंबर नकाशावरून आधी काढा ना! रिसॉर्टशी बोलायचंच असेल तर त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा लँडलाईन शोधा, किंवा परतवाड्याच्या एखाद्या गाडीवाल्याला दोनशे रुपये द्या आणि तिथून काउंटरवरून बोलायला लावा. जंगलाची सफारी वनविभागाच्या संकेतस्थळावरून किंवा गेटवरून, मधल्या कोणाकडूनही नाही.

बायांचं म्हणाल तर बहुतेकींनी समजून घेतलं. शेजारच्या आजी म्हणाल्या, "जाऊ दे व माय, तुले मुद्दाम का करायचं होतं?" एकीचा नवरा मात्र दारात येऊन १,५०० मागून गेला. दिले. बाकीच्यांचे सोयाबीन निघाल्यावर देईन, वहीत तसं लिहून सही केली आहे. आता हा विषय गावात बंद करावा.

तो नंबर परवापर्यंत चालू होता. दुसऱ्या सिमवरून भाच्याने लावून पाहिला, तोच आवाज, तेच "मॅडम-सर", तीच शनिवारची गर्दी. दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर भागातल्या कोणाचे चिखलदऱ्याच्या बुकिंगमध्ये असे पैसे गेले असतील आणि लाजेने घरी बसले असाल, तर व्यवहाराचा स्क्रीनशॉट, बारा आकडी यूटीआर नंबर (व्यवहाराचा क्रमांक) आणि १९३० चा तक्रार क्रमांक घेऊन या. पुढच्या बाजाराच्या दिवशी मी पुन्हा ठाण्यात जाणार आहे. एकटीचे सतरा हजार त्यांना किरकोळ वाटतात, सगळ्यांचे मिळून किती होतात ते त्यांच्याच टेबलावर मांडू.